पास्कलची दुसरी बॅटरी

पास्कल गाडीला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा. "गाना बंद परला तं चालंल, का गारी बंद परली तं चालंल?" उत्तर मिळेपर्यंत बॉनेट उघडायचा नाही. मुर्ध्याच्या रस्त्यावर पत्र्याची शेड होती त्याची, गाडीच्या वायरिंगची. राहायला चौकला, समुद्राकाठी. पन्नाशीचा, गळ्यात क्रूस, बोटं कायम काळी.

त्याच्याकडे मी गेले ती नवऱ्यापायी. परळहून मिरारोडला आलो तेव्हा दोन खोल्यांत मुलांच्या परीक्षा आणि ह्यांची गाणी एकत्र मावेनात. मग ह्यांनी गाडीत मोठे स्पीकर बसवले आणि रविवारी सोसायटीच्या आवारात, बंद गाडीत बसून ऐकायला लागले. सोमवारी बॅटरी बसलेली. धक्का मारायला मी आणि वॉचमन. तीन सोमवार मारला, चौथ्याला गाडी ओढून पास्कलकडे नेली.

"गाण्याला येगली बॅटरी लागंल," तो म्हणाला. "डिकीत बसवतो. मधी रिले टाकतो. इंजिन चालू, तं दोनी बॅटऱ्या जोरलेल्या. इंजिन बंद, तं दोघी येगल्या. मंग गाना फक्त डिकीतली खाईल."

"रिले कशाला?" हे म्हणाले. "दोन्ही थेट जोडा की, डबल ताकद."

"एका ताटान दोन भाव जेवले, तं दोघंव उपाशी उठतान. थेट पायजे तं दुसरीकरं जा."

हे चिडले. मी म्हटलं, "पास्कलभाऊ, तुम्ही म्हणता तसंच करा. धक्का मी मारते, हे नाही."

तो पहिल्यांदा हसला. "बाय, तुना कलतंय."

पुढे बॅटरीत पाणी घालायला महिन्याला मीच जायची. दर वेळी तो मला काहीतरी करायला लावायचा. "बघतंस काय? पाना घे. काराची असंल तं आदी काली वायर. जोराची असंल तं आदी लाल." मला ते आवडायचं. माणूस उगाच बोलत नसे.

एकदा मीच विचारलं, गाडी बंद पडण्याची एवढी धास्ती का. तो वायर सोलत राहिला. पूर्वी तो धाकट्या भावाबरोबर, इनासबरोबर, बोटीवर जायचा. बोटीला एकच बॅटरी. इनासला टेप पाहिजे होता. पास्कलने तो इंजिनाच्या बॅटरीला जोडून दिला. पुढच्याच खेपेला पास्कलला ताप होता, तो घरी राहिला. बाकीचे जाळं टाकून टेप ऐकत बसले. वारा उठला, तेव्हा इंजिन घेईना.

"तिसऱ्या दिसाला बोट गावली. दोगं व्हते. इनास न्हाय." सोललेली वायर त्याने मला दाखवली. "अशीच व्हती. मीच जोरलेली."

मी पाण्याची बाटली बंद केली आणि घरी आले.

दोन वर्षांनी एका दुपारी गेले तेव्हा तो शेडमध्ये जमिनीवर बसला होता. अंग घामाने थबथबलेलं, डावा हात धरलेला. शेजारच्या पानवाल्याच्या मदतीने त्याला मागच्या सीटवर आडवा केला आणि भाईंदरच्या हॉस्पिटलकडे निघाले. अर्ध्या वाटेवर रस्ता बंद. माझ्या अगदी पुढे लग्नाचा टेम्पो, वर स्पीकरची भिंत, आणि कुठलाच आवाज नाही. पुढे चढ, मागे आणि बाजूला गाड्या चिकटलेल्या, टेम्पो ढकलून हलवायला वाव नाही.

"म्याडम, स्टार्टर घेत नाय," टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला. "डिझेल वाचवायला इंजिन बंद ठेवलेलं, गाणी चालू. बॅटरी बसली."

"आत माणूस मरतोय माझा!" मी ओरडले. वऱ्हाडी नुसते बघत राहिले. त्यांच्याही हातात काय होतं?

मागून पास्कलचा आवाज आला. "बाय. डिकीतली दे त्याला."

डिकी उघडली. पाना दोनदा निसटला. "आदी काली," तो आतून म्हणाला. "मंग लाल." बॅटरी ड्रायव्हरने आणि मी मिळून उचलून नेली, डिकीत ठेवलेल्या जाड वायरींनी टेम्पोच्या बॅटरीला जोडली. आधी लाल, मग काळी. इंजिन धडधडलं. वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या. मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

गाडीत बसले तर पास्कलचे डोळे मिटलेले.

"चालू झाला का तो?"

"झाला, भाऊ."

"बरा झाला," तो म्हणाला. मी टेम्पोमागून गाडी काढली.

हॉस्पिटलात डॉक्टर दहा मिनिटांनी बाहेर आले. म्हणाले, गेले ते, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. मी मान हलवली.

चौकला त्याच्या घरी कोणीतरी सांगायला हवं होतं. मी खाली आले. डिकी रिकामी होती, बॅटरी त्या टेम्पोबरोबर कुठल्या तरी लग्नाला गेली होती. किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. ती तशीच चालू ठेवून मी बराच वेळ तिथे बसून राहिले.