पत्रिकेची फ्लॉपी

सुरतेतलं ते फ्लॉपीचं प्रकरण मला अजून आठवतं, आणि आठवलं की चांगलं वाटत नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. तरी एका घराचं व्हायचं ते नुकसान झालंच.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी तेव्हा फौजदार होते. कापडबाजारातल्या काही व्यापाऱ्यांनी साडीची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायला नुकती सुरुवात केली होती. पर्वत पाटियाजवळच्या एका शेठचा कॉम्प्युटर एका सकाळी सुरूच होईना. लग्नसराईची सगळी डिझाइनं त्यात होती. शेठ तडक ठाण्यात आले. कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुलीनं डिझाइनं विकली आणि मशीन पुसून टाकलं, अशी त्यांनी लेखी तक्रार दिली. मुलगी मराठी, म्हणून चौकशी माझ्याकडे आली.

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "ती पोरगी डब्याच्या पिशवीतून फ्लॉप्या घरी नेते. घर बघा." असले फोन बहुतेक वेळा त्याच ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरून येतात. म्हणून ते खोटेच असतात असं मात्र नाही.

पंच घेऊन आम्ही बमरोलीला मुलीच्या घरी गेलो. घर एका खोलीचं. वडील डाइंग मिलमध्ये कामाला, मूळचे खानदेशातले. देवाच्या फळीमागे प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉप्या निघाल्या. पंचनामा केला, मुद्देमाल सील केला. दारात सगळी चाळ गोळा झाली होती. आईनं माझा हात धरला. "बाई, मनी पोर चोट्टी नही शे. तिनं लगीन ठरेल शे."

मुलीला ठाण्यात आणलं.

"फ्लॉप्या घरी कशाला नेल्यास?"

"क्लासमध्ये शिकवलं होतं, मॅडम. एक कॉपी दुसऱ्या जागी ठेवायची. मशीन बिघडलं तर कामाला येते."

"शेठना विचारलंस?"

"विचारलं होतं. म्हणाले, तू डिझाइन काढ, बाकीचं देव बघेल."

"विकल्यास कुणाला?"

"विकायच्याच असत्या तर घरात ठेवून कशाला बसले असते?"

माझा गुजराती हवालदार हसला. "बहु हुशार छे, मॅडम."

उत्तर बरोबर होतं. पण बरोबर उत्तरं चोरालाही देता येतात. ती रडली नाही, पाया पडली नाही. एकच गोष्ट तिनं पुन्हा पुन्हा सांगितली. "त्या फ्लॉप्या शेठच्या मशीनमध्ये घालू नका. आधी दुसरीकडे मशीन तपासून घ्या."

शेठ बाहेरच्या बाकावर बसून होते. फ्लॉपी लावा आणि आत्ताच्या आत्ता दाखवा, असा त्यांचा धोशा चालला होता. मी मुद्देमाल दिला नाही. कॉम्प्युटर आणि फ्लॉप्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका सरांकडे पाठवल्या.

सरांनी समजावून सांगितलं. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस होता. तो बाहेरच्या फ्लॉपीतून येतो, मशीनमध्ये दडून बसतो, मग त्यात घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर चढतो आणि वेळ आली की सगळं पुसतो. मुलीच्या फ्लॉप्या मात्र स्वच्छ होत्या. कॉपी झाली की फ्लॉपीच्या कोपऱ्यातली पट्टी सरकवून ती त्यावरचं लिहिणं बंद करून टाकायची. शेठची डिझाइनं त्या फ्लॉप्यांवर जशीच्या तशी होती.

म्हणजे व्हायरस दुसऱ्याच कुठल्या तरी फ्लॉपीतून आला होता. ती कुणाची, हे कळेना. मुलगी म्हणाली, "मी बाहेरची फ्लॉपी लावत नाही." शेठ म्हणाले, "त्या मशीनला तिच्याशिवाय कुणी हात लावत नाही." दोघांचेही जबाब नोंदवले. शेठ तक्रार मागे घेईनात. मुलीला रोज ठाण्यात यावं लागे आणि बाकावर बसून राहावं लागे.

मग त्याच बाजारातल्या दुसऱ्या एका व्यापाऱ्याचा कॉम्प्युटर तसाच गेला. मी दुकानात गेले तर तिथे पेढे वाटणं चाललं होतं. व्यापाऱ्याच्या बायकोनं माझ्याही हातावर पेढा ठेवला. "मुलाचं जमलं, बेन. आता सांगायला हरकत नाही. पत्रिका अशी जुळली की बोलू नका. आमच्या काकांनी कॉम्प्युटरवर जुळवली!"

काका म्हणजे लग्नं जुळवणारे एक गृहस्थ. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर कुठले? ते पत्रिकेची फ्लॉपी लाल कापडात गुंडाळून ज्याच्या-त्याच्या ऑफिसात जात, तिथेच पत्रिका काढून देत. फ्लॉपीला कुंकू लावलेलं. शुभकार्याच्या वस्तूला नको कोण म्हणणार? ती कापडातली फ्लॉपी मी काकांकडून मागवून घेतली आणि सरांकडे पाठवली. व्हायरस तिच्यातच निघाला.

मी शेठकडे गेले. "घरात लग्नाची बोलणी चालू आहेत?"

त्यांनी नोकराला बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. "घरनी वात छे, बेन, घरातली गोष्ट. माझ्या लेकीचं आहे. पक्कं होईपर्यंत बाहेर बोलत नाहीत. नजर लागते."

"काका इथे आले होते?"

"आले होते."

"कॉम्प्युटर चालवणारी मुलगी कुठे होती तेव्हा?"

"तिला बाहेर पाठवली होती. तिच्यासमोर पत्रिका कशी काढणार?"

"आणि मला सांगितलंत, मशीनला दुसरं कुणी हात लावत नाही."

"पत्रिकेच्या फ्लॉपीत वाईट काय असणार, बेन? ते तर देवाचं काम."

काकांना काही ठाऊक नव्हतं. त्यांच्यावर लावायला कलमही नव्हतं. शेठनी तक्रार मागे घेतली. मुलीच्या फ्लॉप्यांवरून त्यांनी सगळी डिझाइनं परत मिळवली, साड्या वेळेवर छापल्या. त्यांच्या लेकीचं लग्न थाटात झालं म्हणतात.

मी साध्या कपड्यात बमरोलीला गेले. मुलगी घडी घालायला आणलेल्या साड्यांच्या ढिगात बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. वडिलांनी सांगितलं, मुलाकडच्यांचा गावाहून निरोप आला होता. ठाण्यात बसून आलेली मुलगी त्यांना नको होती.

"मी त्यांना लिहून देते," मी म्हटलं. "शिक्का मारून देते की हिचा काही दोष नाही."

"पोलिसांचा कागद दाखवून पोर कशी देऊ, बाई?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुम्ही आता येऊ नका. परत कशाला आल्या, असं चाळीत विचारतील."

पुढे आमच्या ठाण्यात कॉम्प्युटर आला. बाहेरची फ्लॉपी तपासल्याशिवाय लावायची नाही, साहेबांची असली तरी नाही, असा मी नियम केला. लोक हसले, पण नियम चालला. ते काम सोपं होतं. या प्रकरणानं मला शिकवलं ते वेगळंच. फिर्यादी चोराबद्दल भरभरून बोलतो, आपल्या घराबद्दल गप्प बसतो. म्हणून पुढच्या प्रत्येक तपासात मी फिर्यादीच्या घरी कोण येतं-जातं हे आधी विचारलं, आणि मगच संशयिताला ठाण्यात बोलावलं. निर्दोष असल्याचा कागद आम्ही देऊ शकतो. तो कुणाच्या दारात चालेल, हे आमच्या हातात नसतं.