शेवटी धरलेली ठकी

पक्षीघरात सगळे तिला दाणेमावशी म्हणत. बावीस वर्षं तिने गाणाऱ्या पाखरांचं दाणापाणी केलं, पिंजरे खरवडले. आणि पाखरू धरावं तर ते तिनेच! शिकलेल्या पोरी धरायला गेल्या की हाती नुसती पिसं यायची.

त्या वर्षी पाखरांवर संशोधन करणाऱ्या मॅडमना एक कोडं सोडवायचं होतं. चोवीस माद्या, एकाच जातीच्या. दाणा तोच, उजेड तोच. तरी एक भराभर अंडी घालते आणि दुसरी ढिम्म बसून राहते, असं का? म्हणून प्रत्येकीला सुई टोचायची, अर्ध्या तासाने थेंबभर रक्त घ्यायचं आणि त्यातलं अंड्यांचं संप्रेरक किती चढलं ते मोजायचं. कुणाचं सर्रकन चढे, कुणाचं जेमतेम.

दुसऱ्या पिंजऱ्यातल्या ठकीचं कधी चढलंच नाही. मावशीचा सगळा जीव तिच्यावर, आणि तो काही उगाच नव्हता. लग्नानंतर सहा वर्षं मावशीनेही असल्याच सुया घेतल्या होत्या. दर वेळी डॉक्टर कागदात बघून म्हणायचे, "प्रतिसाद नाही." सासूने तेवढेच दोन शब्द पाठ केले आणि मरेपर्यंत ऐकवले.

ठकी पाखरं धरायच्या जाळीला फार भ्यायची. म्हणून मावशी तिला सगळ्यांत शेवटी धरायची. तेवढीच बिचारीला सवड! तक्त्यात मात्र धरल्याच्या वेळा पिंजऱ्यांच्या क्रमानेच लिहून मोकळी व्हायची.

हंगाम संपला आणि मॅडमनी यादी काढली. सगळ्यांत कमी चढलेल्या सहा जणींचे मेंदू तपासायचे होते. म्हणजे त्या सहा जणी मारायच्या. ठकी यादीत पहिली.

मावशीने यादीवर बोट ठेवलं. "मॅडम, हिला कशाला?"

"हिचं काही चढतच नाही, मावशी. भेदरलेल्या पाखराचं असं होतं. पण हिला तर तुम्ही दर वेळी लगेच धरलंय. या बघा वेळा. म्हणजे कारण भीती नव्हे, हिच्यातच काहीतरी आहे."

आपणच लिहिलेल्या त्या वेळा मावशीने पाहिल्या. अरे देवा! म्हणजे ठकी दोन-दोन तास जाळी बघत थरथरत बसायची, आणि आपण समजत होतो की तिचे लाड करतोय. आपल्यालाही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, बाई गं, तू घाबरली आहेस का?

तिने सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली.

"वर्षभराचं काम आहे हो हे, मावशी!" मॅडमचा आवाज चढला. मग त्यांनी ठकीच्या आकड्यांवर काट मारली. "हे बाद. हिला परत ठेवा."

मावशीला रडूच फुटलं. तिने दोन्ही हात जोडले.

"पण सहा हव्यातच," मॅडम खाली बघत म्हणाल्या. "कमी चढलेल्यांतली सातवी आणा. एकोणिसावा पिंजरा."

एकोणिसावीला मावशीने कधी नाव ठेवलं नव्हतं. तिच्यासाठी कधी जीवही तुटला नव्हता. दार उघडलं तर ती पळालीसुद्धा नाही, मुकाट्याने मुठीत आली. एवढासा तो जीव, पण छाती कशी धडधडत होती!

"तुझं काही चुकलं नाही गं," मावशी म्हणाली, आणि तिला घेऊन मॅडमच्या खोलीत गेली.