जुम्म्याची शाळा

चार मास्तर एकत्र बसले की किस्से निघायचेच. एकाचा संपेपर्यंत दुसऱ्याचा तोंडाशी आलेला असतो. माझे मात्र सगळे एकाच शाळेतले, एकाच वर्षातले. ऐकताना मंडळी आधी हसतात, मग हळूच पाय वर घेऊन बसतात!

मी सोलापूरचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. चाळीसच्या दशकात वर्षभरासाठी निजामाच्या राज्यात, कळंबकडच्या एका गावी भूगोल शिकवायला गेलो. छोट्या गाडीनं येडशीला उतरलो, तर थेट परदेश! नाणं वेगळं, शाळेची भाषा उर्दू, हेडमास्तरांना म्हणायचं 'सदर मुदर्रिस'. आमचे सदर मुदर्रिस काझीसाहेब फार अदबशीर माणूस. पहिल्याच दिवशी हातात चहा देत म्हणाले, "मास्तरसाब, पढ़ाई में कोई तकलीफ नहीं. बाकी जो दिखे, पूछना मत."

मला वाटलं, राजकारणाबद्दल बोलताहेत!

*

तिकडं सुट्टी शुक्रवारी, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या शुक्रवारी तयार होऊन गेलो. आतून पाढ्यांचा आवाज येत होता, चांगला पोरांचा गजर. उशीर झाला म्हणून पळत जाऊन दार ढकललं, तर बाहेरून कुलूप!

शिपाई लिंबाजीमामा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, "गुरुजी, आज जुम्मा. आज आपली शाळा न्हाय, त्यांची असती."

"त्यांची? कुणाची?"

"चहा घेता का?"

*

पोरं एकमेकांना नावानं हाक मारत नसत. 'ए येडशी', 'ए तामलवाडी', असं गावावरून चालायचं. हजेरीसुद्धा नंबरानं. मला ते फार कोरडं वाटायचं. एकदा भर दुपारी मैदानात खेळणाऱ्या पोराला मी मोठ्यानं हाक मारली, "शंकर!"

खेळ जागच्या जागी थांबला. शंकर माझ्याकडं बघत होता, तोंड घट्ट मिटलेलं. आणि मागच्या चिंचेखालून, जिथं कुणीच नव्हतं तिथून, आवाज आला, "हाजिर!"

त्याच दिवशी पोरगं तापानं फणफणलं. बऱ्याच दिवसांनी बाप त्याला हाताला धरून घेऊन आला. पोरगं निम्मं झालं होतं, पण पायावर उभं होतं.

"गुरुजी, ह्याचं नाव आता धोंडू."

"आणि शंकर?"

"ते ज्यानं हाजिरी दिली, त्याला दिऊन टाकलं."

*

इन्स्पेक्टर येणार तेव्हा शेरवानी सक्तीची. माझ्याकडं कुठली? मामांनी शाळेच्या कपाटातली एक जुनी काढून दिली. अंगावर अशी बसली, जणू माझंच माप घेऊन शिवलेली! मी फळ्यावर नकाशा काढत होतो, तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. साहेब!

"अरे मियाँ, तुम? तुम्हें तो हम खुद कंधा देकर आए थे!"

मी वळलो. माझं तोंड बघूनही साहेबांच्या चेहऱ्यावरची भीती काही गेली नाही. वर्ग न तपासताच 'उमदा' असा शेरा देऊन गेले!

*

बाजाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत शेजारच्या वाडीवरची एक बाई यायची. फडक्यात भाकरी बांधलेली. "माझ्या लेकाला द्या," एवढंच म्हणायची. मामा मुकाट्यानं भाकरी घ्यायचे आणि वर्गात शेवटच्या रांगेत ठेवायचे. त्या रांगेत कुणी बसत नसे.

एकदा मामा नव्हते, म्हणून मीच भाकरी घेतली. विचारलं, "बाई, पोरगं कितवीत तुमचं?"

"तुमच्याच वर्गात की. शेवटाला बसतंय. लई नाव काढतंय तुमचं."

ती जाता जाता घुटमळली.

"एक सांगू का, गुरुजी? काल तुमी समिंदर शिकवला म्हणं. इकडं पानी, तिकडं पानी, तळ न्हाय... पोरगं लई भ्यालं. पान्याचं भ्या हाय त्याला. दुसरं कायतरी शिकवा की."

आदल्या दिवशी मी खरंच समुद्र शिकवला होता. तिचं तोंड बघून नाही म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचा समुद्र पुसला. बालाघाटचे डोंगर काढले, वर झाडं काढली, चरणारी गुरं काढली. शेवटच्या रांगेकडं बघत, हळू आवाजात शिकवलं.

पुढच्या बाजारी बाई आली. भाकरी माझ्याच हातात दिली आणि पहिल्यांदा हसली.

"आता कसं, गुरुजी! निवांत झोपला बघा."