एका थापेत गेलेलं गोदाम

माझ्या धाकट्या भावाने व्यावसायिक लढतींमधून निवृत्त झाल्यावर आजवर एकाच माणसाला हरवलं आहे, आणि तो माणूस मी आहे.

हे मला मान्य आहे असं नाही. घरात सगळे तसं बोलतात म्हणून लिहिलं. त्यांची बाजू तुम्हाला सुरतेच्या बमरोलीत कोणीही सांगेल. माझी बाजू सांगायला माझ्याशिवाय कोणी नाही.

आम्ही मूळचे खानदेशातले. मी सुरतेत आलो तेव्हा एक शर्ट अंगावर होता आणि दुसरा पिशवीत. मिलमध्ये कापडाच्या घड्या घातल्या, सायकलवर साड्या विकल्या, आणि आज मार्केटात माझं स्वतःचं होलसेलचं दुकान आहे. हे सगळं मी घासाघीस करून मिळवलं. मला सांगितलेल्या पहिल्या आकड्याला मी आयुष्यात कधी हो म्हटलेलं नाही. (डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या होत्या, मी त्याला तीनवर आणलं. ताप सात दिवस राहिला, तो भाग वेगळा.)

बाळू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. त्यालाही मीच सुरतेत आणलं आणि मिलमध्ये चिकटवलं. आठ दिवसांत तो तिथून सुटला आणि भेस्तानच्या एका व्यायामशाळेत जाऊ लागला. तिथे मिक्स्ड मार्शल आर्ट्स शिकवत. ते काय असतं हे बाळूने मला तीनदा समजावलं. मला कळलं ते असं, की कुस्ती, बॉक्सिंग, लाथा आणि गळा दाबणं हा सगळा माल त्यात एकाच भावात मिळतो, आणि तो जाळीच्या पिंजऱ्यात मिळतो.

त्याची सोयरीक जमवताना माझी काय दशा झाली असेल ते बघा. मुलीचा बाप विचारायचा, "मुलगा करतो काय?"

"लढतो."

"म्हणजे मिलिट्रीत?"

"नाही. पिंजऱ्यात."

पुढचा चहा कोणी द्यायचं नाही. बाळू अजून बिनलग्नाचा आहे आणि त्याचा दोष माझ्या बोलण्याला दिला जातो.

तेरा वर्षं तो लढला. मुंबई, दिल्ली, एकदा तर दुबईलाही जाऊन आला. त्या खेळात प्रत्येकाला टोपणनाव लागतं, तेव्हा आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, नाव सुचवलं: तापीचा वाघ. गावीही तापी, सुरतेतही तापी, नाव झकास होतं. पण दिल्लीच्या निवेदकाने ते माइकवर "टॅपी का टायगर" असं ओरडून सांगितलं. आता या खेळात टॅप म्हणजे शरणागती. समोरच्याची पकड सहन झाली नाही की त्याच्या अंगावर हाताने थापटायचं, मग पंच सोडवतो. थोडक्यात, माझा भाऊ "शरणागतीचा वाघ" म्हणून आत शिरला. लोक हसले. तो चिडला आणि ती लढत जिंकला.

मी त्याच्या एकाच लढतीला गेलो. ती तो गुणांवर हरला. मी सरळ पंचांच्या टेबलाशी गेलो आणि म्हटलं, "साहेब, दोन गुणांचाच फरक आहे ना? एक तुम्ही सोडा, एक आम्ही सोडतो. बरोबरीत मिटवून टाकू." मला बाहेर काढताना चार माणसं लागली. बाळू म्हणतो दोन होती. त्यानंतर त्याने मला कुठल्या लढतीची तारीख सांगितली नाही.

मागच्या वर्षी त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, डॉक्टरने पिंजरा बंद केला आणि वाघ बमरोलीत माझ्या घरी येऊन सोफ्यावर बसला. दिवसभर खिडकीतून रस्ता बघायचा. मी त्याला म्हटलं, "सोमवारपासून गल्ल्यावर बस. तुझी छाती बघून गिऱ्हाईक भाव करणार नाही."

तो म्हणाला, "दादा, मला तुझं गोदाम दे. क्लास काढतो."

हे गोदाम आमच्या घराच्या खालीच आहे आणि ते तेव्हा मोरांनी भरलेलं होतं. झालं होतं असं, की एका मिलवाल्याशी मी सकाळपासून दुपारपर्यंत भांडून साड्यांचा एक लॉट पार मातीमोल भावात उचलला होता. घरी आणून गाठोडं सोडलं तेव्हा कळलं की छपाईत सगळे मोर उलटे पडले आहेत. पाय वर, पिसारा खाली. नेसलेली बाई शीर्षासन करील तेव्हाच मोर सरळ दिसेल. दोन वर्षांत त्यातली एक साडी खपली नाही, पण मी ते कबूल करत नव्हतो. "बाजार फिरेल," असं म्हणायचो.

"गोदामात माल आहे," मी बाळूला म्हटलं.

"तो माल नाही, ते अतिक्रमण आहे," स्वयंपाकघरातून आमची सुनंदा म्हणाली. (ही माझी पत्नी. दिराचा विषय निघाला की तिला भिंतीपलीकडचं ऐकू येतं.) "भाऊजींना द्या ना. कॉलनीतल्या बायका कधीच्या विचारताहेत, आम्हालाही शिकवतील का. मिलची शिफ्ट सुटल्यावर अंधारात एकट्या घरी येतात बिचाऱ्या."

"आणि शिकवणार काय? हात धरायचा आणि पिरगाळायचा. मी मार्केटात रोज दहा जणांचे हात धरतो. मी काढला का क्लास?"

बाळूने खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दादा, मला दुसरं काही येत नाही रे. गल्ल्यावर बसलो तर बसूनच राहीन."

हे ऐकून मी जरा नरमलो. पण धंद्यात नरमलो की मी आवाज चढवतो, ही माझी जुनी सवय. मी म्हटलं, "उद्या रविवार आहे. खाली अंगणात ये. तुझी ती जगप्रसिद्ध पकड मला लाव. मी ओरडलो नाही, तर सोमवारी तू गल्ल्यावर."

"आणि ओरडलास तर?"

"ओरडणारच नाही."

"तरी पण?"

"तर बघू," मी म्हटलं. हे "बघू" मी फार विचारपूर्वक वापरतो. यात समोरच्याला आशा मिळते आणि आपलं काही जात नाही.

रविवारी सकाळी अंगणात तीन गोधड्या अंथरल्या. आबांची खुर्ची मध्यभागी. सुनंदाने कॉलनीतल्या बायकांना चहाला बोलावलं होतं, त्या चहा न पिता ओळीने उभ्या राहिल्या. शेजारचे जिग्नेशभाई मोबाइल घेऊन आले आणि मला म्हणाले, "दिनेशभाई, टेन्शन नहीं. कुछ हुआ तो हॉस्पिटल मेरे साले का है."

आता आबांबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्यांच्यामुळे झाला. आबा गावाकडे आयुष्यभर बैलबाजारात दलाल होते. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि पटलं की समोरच्याच्या हातावर थाप द्यायची. थाप पडली की सौदा पक्का. मग बैल रस्त्यात बसला तरी बैल तुमचा. आबांनी हा कायदा आम्हा दोघांना दुधाबरोबर पाजला. मीसुद्धा तो वापरला आहे. एकदा एक व्यापारी माझ्या दुकानात खुर्चीवरून उठताना तोल जाऊन माझ्या हातावर टेकला. मी म्हटलं, थाप पडली, आणि त्याला सहा गाठोडी विकली.

असो. मी गोधडीवर आडवा झालो. बाळू म्हणाला, "दादा, हट्ट करू नकोस. दुखलं तर नुसतं टॅप कर, मी लगेच सोडीन. ओरडायची गरज नाही."

ओरडायची गरज नाही, हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे दुखलं तरी न ओरडता सुटका होणार आणि पैज माझी. एवढा कच्चा दलाल मी मार्केटात पाहिला नव्हता. मी आडव्या आडव्याच शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

त्याने माझा उजवा हात धरला, एक पाय माझ्या छातीवर टाकला, एक मानेवर, आणि मागे कलला. अगदी सावकाश, जणू आरामखुर्चीत टेकतोय. माझ्या कोपरातून एक कळ निघाली ती थेट उलट्या मोरांपर्यंत पोचली असावी. डोळ्यांपुढे अख्खं मार्केट फिरलं. तोंड मात्र मी गच्च दाबून धरलं होतं.

आणि त्याच क्षणी बाळू, माझा सख्खा भाऊ, अगदी चहाला विचारावं तसं म्हणाला, "दादा, गोदाम देतोस?"

मी थाप दिली. त्याच्या पोटरीवर, डाव्या हाताने, खणखणीत. एक नाही, आठ-दहा दिल्या.

त्याने सोडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून बसलो, श्वास घेतला आणि म्हटलं, "ओरडलो का? कोणी ऐकलं? नाही ना? सोमवारी गल्ल्यावर."

"थांब दिनू," आबा खुर्चीतून गावच्या अहिराणीत म्हणाले. "त्यानी काय इचारं?"

"काय विचारलं?"

"गोदाम देस का, आशे इचारं. आनी तू थाप दिनी."

"आबा, ती थाप नव्हती. तो टॅप होता. त्यांच्या खेळात..."

"खेय त्याना व्हई. हात तुन्हा शे, आनी तू मन्हा पोऱ्या शे." आबा काठी टेकून उभे राहिले. "मन्हा डोयासमोर थाप पडनी. सौदा व्हयना." म्हणजे सौदा झाला, पक्का.

मी चिडलो. मी म्हटलं, हा फसवणुकीचा सौदा आहे, हात अडकवून थाप घेतली तर बाजारात कोण मानेल. आबा म्हणाले, बाजारात प्रत्येकाचा हात कुठे ना कुठे अडकलेलाच असतो, म्हणून तर तो विकायला येतो. मी म्हटलं, थाप हातावर द्यायची असते, मी पोटरीवर दिली. आबा म्हणाले, आठ-दहा दिल्यास, सगळ्या धरल्या तर तुझं दुकानही जाईल. मग मी दुमडलेल्या बाह्या सोडल्या.

सुनंदा जवळ आली. मला वाटलं हात चोळून द्यायला. तिने माझ्या खिशातून गोदामाची किल्ली काढली आणि गेली.

त्या आठवड्यात मी तिघांशीही बोललो नाही. (कोणाच्या लक्षात आलं नाही, हे मला नंतर कळलं.) गोदामातले मोर बाळूने फेकले नाहीत. त्याने ताडपत्रीच्या लांब पिशव्या शिवून घेतल्या, त्यांत साड्या ठासून भरल्या आणि लाथा मारण्यासाठी छताला टांगल्या. उरलेल्या साड्या गाद्यांमध्ये गेल्या. सुनंदा म्हणाली, "बघा, दोन वर्षांत पहिल्यांदा तुमच्या मालाला कोणी हात लावला."

आता क्लासला आठ महिने झाले. संध्याकाळी शिफ्ट सुटली की कॉलनीतल्या बायका येतात, त्यांच्या मुली येतात, सुनंदा तर पहिल्या रांगेत असते. खालून धपाधप आवाज येतो आणि वर माझ्या चहाचा कप बशीत हलतो. बाळू लंगडत फिरतो, ओरडतो, हसतो. त्याला इतकं हसताना मी पिंजऱ्यातही बघितलं नव्हतं. हे मी त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर वरची खोलीसुद्धा मागेल.

माझी तक्रार आता एकच आहे. नवीन कोणी आलं की बाळू ती पकड दाखवतो आणि सांगतो, "घाबरू नका. माझा दादा यात चार सेकंद टिकला होता."

चार! मार्केटात माझी काही पत आहे. मी त्याला जिन्यात गाठलं.

"बारा सांगत जा."

"दादा, चारच होते."

"माझा हात होता, मला माहीत आहे. अकरा."

"बरं, पाच."

"पाच कोणाला सांगतोस? मी तुला सुरतेत आणलं. दहा."

"सात. याच्यावर नाही जमणार, मी गुरू आहे."

मी दोन पायऱ्या उतरून निघून जाण्याचं नाटक केलं. त्याने हाक मारली. नऊवर ठरलं.

घरी येऊन मी सुनंदाला ताठ मानेने सांगितलं, चारचे नऊ करून आणले, आणि तेही चहा न पाजता.

ती भाजी चिरत म्हणाली, "छान केलंत. पण खाली क्लासात जिग्नेशभाईंनी काढलेला व्हिडिओ टीव्हीवर दिवसभर चालू असतो. तो सगळा मिळून सहा सेकंदांचा आहे, आणि त्यातले पहिले दोन तुम्ही बाह्या दुमडताय."