भेकरांचं पाणी

पाण्याला नुसतं ‘पाणी’ म्हणणं ज्यांना आयुष्यात जमलं नाही असे एकच गृहस्थ मी पाहिलेत, ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन ते आसनगावला राहायला आले, पण जीभ काही निवृत्त झाली नाही. म्हसा गावी एका लग्नात त्यांनी पाण्याचा घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “लोखंड आहे.” वरपक्षाला वाटलं, यांना स्टीलचा पेला हवा होता. बिचाऱ्यांनी धावपळ करून आणला.

मागच्या उन्हाळ्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी वनखात्यानं रानातल्या जनावरांसाठी, भेकरांसारख्या लहान हरणांसाठी, सिमेंटची टाकी बांधली. तिच्यात बोअरचं पाणी सोडलं, म्हणून जवळचा जुना झरा कुणी उपसला नाही, तो गाळानं बुजला. मामांनी टाकीचं पाणी चाखलं, बाटली भरली आणि तपासून आणलं. जमिनीतलं फ्लोराइड त्यात जास्त उतरलं होतं. ते अहवाल घेऊन वनखात्याच्या साहेबांकडे गेले, तर साहेब शांतपणे म्हणाले, “हे प्रमाण माणसांसाठी आहे, काका. भेकरांसाठी काही ठरलेलं नाही.”

“पण फ्लोराइडनं दात त्यांचेही झिजतात,” मामा म्हणाले आणि उठले.

टाकीजवळच्या पाड्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा तिथं राहणाऱ्या सुमनताईंनी विचारलं, “मामा, आमच्या हापशाचं पाणी तपासलंत का? आमची पोरं तेच पितात.”

मामांनी ते तपासलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी पहिल्या एस.टी.नं मुरबाडमार्गे पुन्हा पाड्यावर गेले, हापशाचं पाणी घेऊन आले आणि तपासून घेतलं. ते चांगलं निघालं. अहवाल सुमनताईंच्या हातात देताना म्हणाले, “आधी इथं यायला हवं होतं. चुकलो.”

त्यानंतर पाड्यातली आठ-दहा माणसं टिकाव-घमेली घेऊन त्यांच्याबरोबर झऱ्यावर गेली. दोन दिवस गाळ उपसला. तिसऱ्या दिवशी तळाशी ओंजळभर स्वच्छ पाणी साचलं. मामांनी ते चाखलं, आणि पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

यंदा त्यांचे गुडघे गेले, चढ जमत नाही. परवा सुमनताईंचा फोन आला, “मामा, भेकर आलंय झऱ्यावर. पिल्लू पण हाये संगती.”

मामा हळूच म्हणाले, “चार दिवस तिकडं कुणी जाऊ नका गो. पिऊ दे त्यांना.”

फोन ठेवून ते खिडकीशी बसून राहिले. तिथून सिद्धगड दिसत नाही.