पाण्याचा तास

लग्नाच्या पंगतीत बाई बसल्या की आजूबाजूची माणसं सावध होत. जेवण झालं की बाई उठत, शेजाऱ्यांच्या पुढ्यातले अर्धे राहिलेले पाण्याचे पेले गोळा करत आणि मांडवाबाहेरच्या एखाद्या झाडाच्या बुडाशी नेऊन ओतत. एकदा नवरदेवाच्या मामांचा पेला त्यांनी असाच उचलून नेला. मामा अजून जेवत होते. ते रागावले, तर बाई म्हणाल्या, "दुसरा भरून देते. पण तोही पुरा प्यायचा."

आम्ही शाळेतल्या मुली त्यांना पाठीमागे 'उरलंसुरलं बाई' म्हणायचो. शाळा सुटताना त्या दारात उभ्या राहत आणि प्रत्येकीची बाटली हलवून बघत. आत पाणी वाजलं की कुंडीकडे बोट. रिकाम्या वर्गात पंखा फिरताना दिसला तर त्या बटण बंद करून थांबत नसत. मैदानात येऊन विचारत, "हे कोणाचं?" आवाज चढवायच्या नाहीत, पण असं बघायच्या की ज्याने पंखा लावलाच नव्हता तोही खाली मान घालायचा. आमच्या आख्ख्या शाळेला बाईंनी अपराधी वाटायला शिकवलं होतं.

त्या विज्ञान शिकवायच्या. राहायला धुळ्याला, रोज एसटीने यायच्या. आमची शाळा सोनगीरच्या पुढे, महामार्गापासून थोडी आत. फाट्यावर माझ्या वडिलांचं, आबांचं पंक्चरचं दुकान आणि त्याच्यामागे आमचं घर. त्यामुळे गाडीतून उतरलेल्या बाई सगळ्यात आधी मला दिसत. पर्स खांद्याला, हातात कापडी पिशवी, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. शाळेपर्यंत आम्ही बरोबर चालायचो.

मी आठवीत असताना मार्चमध्ये गारा पडल्या. उभा गहू झोपला, कांद्याची पात फाटून गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. "हे असं का होतंय?" म्हणाल्या. मागून कोणीतरी देवाचं नाव घेतलं. बाई म्हणाल्या, "देवाला मध्ये आणू नका. हवा आपण तापवली आहे." मग त्यांनी धूर, कोळसा, वीज, तोडलेली झाडं सगळं फळ्यावर मांडलं. तास संपताना खडू ठेवून म्हणाल्या, "मोठे लोक काय करायचं ते करतील. आपण आपल्या हातात आहे तेवढं करू." शाळेमागच्या उघड्या टेकाडावर झाडं लावायचं त्याच दिवशी ठरलं.

खड्डे मुलांनी खणले, एका दिवसात. फोटो निघाला, मुलं हात झटकून क्रिकेट खेळायला गेली. पाणी मात्र रोज घालावं लागतं. आणि रोजचं काम आलं की ते मुलींकडे येतं. हे कोणी ठरवलं नव्हतं, बाईंनीही नाही. आम्हाला हापसा मारता येत होता, भरलेली कळशी न सांडता नेता येत होती, म्हणून आम्ही ते करू लागलो. बाईंनी आमचं पथक केलं, दंडाला हिरव्या फिती बांधल्या. मी पथकाची प्रमुख. पण खरं काम करायची ती मनीषा. ती नदीपलीकडच्या वस्तीवरून चालत यायची. डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन कळशा घेऊन टेकाड चढायची आणि वर पोचल्यावर आम्हाला हसायची.

आधी आम्ही मधल्या सुट्टीत पाणी घालायचो. मग खेळाचा तास त्यात गेला. उन्हाळा चढला, हापशाला पाणी यायला वेळ लागू लागला, तसा सुट्टीनंतरचा तासही जाऊ लागला. तो गणिताचा होता. गणिताच्या सरांची हरकत नव्हती, वर्गात तेवढीच गर्दी कमी. आणि आम्हाला तर आनंदच होता. सर खडू फेकून मारायचे, टेकाडावर निदान वारा होता. सकाळी आल्या आल्या आम्ही एकमेकींना विचारायचो, "आज पाण्याचा तास शे ना?" नववीत असंच चाललं, दहावीत अर्धं वर्ष असंच गेलं. झाडं जगली. शाळेला जिल्ह्याची ढाल मिळाली. डोक्यावर कळशा घेतलेल्या आम्हा मुलींचा मोठा फोटो कार्यालयात लागला आणि खाली सुरेख अक्षरात लिहिलं गेलं: 'वसुंधरेच्या लेकी'.

दहावीला त्या फोटोतल्या निम्म्याहून जास्त लेकी गणितात नापास झाल्या. मी आणि मनीषाही.

निकालानंतर बाई फाट्यावर उतरल्या त्या सरळ आमच्या घरी आल्या. ऊन असं होतं की दुकानातल्या रबराला वास सुटला होता. आईने त्यांना खाट ओढून दिली, चहा केला. मी दाराआड उभी होते. बाई मला धीर द्यायला काहीतरी बोलत होत्या, तेवढ्यात आई अगदी साधेपणाने म्हणाली, "जाऊ द्या बाई. घरमा बी पानीच भरे, शाळामा बी पानीच भरे. मंग आते घरनंच भरी."

आईच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आता मी घरचंच पाणी भरीन, एवढंच तिला खरंच वाटत होतं. पण बाईंनी हातातला कप खाली ठेवला. त्यांना घाम आला होता, तो त्यांनी पुसलाही नाही. मग त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "वैशाली, पाणी घालायला गेलीस त्या दिवशी वर्गात काय शिकवलं, ते परत कोणी शिकवलं का तुला?" मी नकारार्थी मान हलवली. "मीही विचारलं नाही," त्या म्हणाल्या. चहा तसाच ठेवून गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काही टाकून जाताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी परत आल्या, आणि या वेळी आबांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. माझ्या मामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं होतं, आबांचं मन होत आलं होतं. बाई म्हणाल्या, "फेरपरीक्षेपर्यंत थांबा. चूक माझी आहे, पोरीची नाही."

आबा गडबडून गेले. हातातला पाना खाली ठेवत म्हणाले, "बाई, तुम्हले कोन दोष दी ऱ्हायनं?"

"मीच देतेय," बाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून शाळा सुटली की परतीची गाडी येईपर्यंत बाई आमच्या दुकानामागच्या पत्र्याखाली मला गणित शिकवू लागल्या. त्यांना ते नीट येत नव्हतं. आदल्या दिवशी घरी स्वतः शिकून यायच्या, अडलं की प्रांजळपणे म्हणायच्या, "थांब, हे मला उद्या कळेल." मी त्यांना सांगायची, "बाई, मला गणित नकोच होतं, मी आपणहून पळायची." त्यावर त्या म्हणायच्या, "तू पळत होतीस. मी दार उघडून देत होते."

शाळेतही त्यांनी सगळं बदललं. तासाला कोणीही बाहेर जायचं नाही, पाण्याच्या पाळ्या मुलांच्याही आणि शिक्षकांच्याही. मुलं दांड्या मारायची, शिक्षक पाठदुखी सांगायचे. मग बाई एकट्याच कळशी घेऊन टेकाड चढायच्या. पुढच्या उन्हाळ्यात बरीच झाडं वाळली. मुख्याध्यापक चिडले, ढाल मिळालेली शाळा आणि मागे काटक्या! बाई त्यांना म्हणाल्या, "झाडं परत लावता येतील, सर." मला मात्र त्या फाट्यावर गाडीची वाट बघताना म्हणाल्या, "रोज वर जाते तेव्हा वाळलेल्या झाडांकडे बघवत नाही. ती पण मीच मारली." एकीकडे मुली, एकीकडे झाडं, दोन्हीकडचा दोष बाई एकट्याच घेऊन बसल्या होत्या.

दिवे बंद करणं, पेले ओतणं हे काही त्यांनी सोडलं नाही. फक्त "हे कोणाचं?" असं विचारायचं सोडून दिलं. एकदा म्हणाल्या, "मी तुम्हाला पाणी वाचवायला शिकवलं ते बरोबरच होतं गं. पण उद्या पाऊस हुकला, गारा पडल्या, तर घर सावरायला शिकलेली बाई लागेल. आणि मी तिलाच वर्गातून उठवून हापशावर उभी केली."

मी कशीबशी पास झाले. स्थळ परत गेलं. पुढे अकरावी, मग शेतीची पदविका, आणि आता एरंडोल तालुक्यात कृषी सहायक आहे. बांधावर जाऊन बायकांना फवारणीची वेळ सांगते, पाऊस लांबला तर काय पेरावं ते सांगते. लोक मला मॅडम म्हणतात. प्रत्येक वेळी मला मनीषा आठवते.

कारण बाई तिच्याकडेही गेल्या होत्या. पण माझं घर फाट्यावर होतं आणि तिचं नदीपलीकडे. बाई आधी माझ्याकडे आल्या, मी मार्गी लागतेय असं दिसल्यावर तिकडे गेल्या. तोवर तिची सुपारी फुटली होती. तिच्या काकांनी बाईंना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि लग्नाला यायचं आमंत्रण दिलं. बाई लग्नाला गेल्या. मीही गेले. मनीषा माझ्याहून हुशार होती की नव्हती, मला माहीत नाही. ते कळायला हवं होतं, तेवढंच झालं नाही. बाई निवृत्त झाल्यावरही मी भेटले की विचारायच्या, "मनीषा दिसते का गं कुठे?"

मागच्या वर्षी ती दिसली. एरंडोलजवळच्या एका गावात मी कापसावरच्या बोंडअळीबद्दल बोलत होते आणि बायकांच्या मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. ते हसू मी ओळखलं. ती तिथेच दिलेली होती, इतकी वर्षं, आणि मला पत्ताच नव्हता. बाई तेव्हा आजारी होत्या. मी म्हटलं, चल, धुळ्याला जाऊन येऊ. ती थोडा विचार करून आली.

बाई खाटेवर होत्या, अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. मनीषाला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी अडखळत विचारलं, "मुलगी कितवीला?"

"सातवीला, बाई."

"शाळेत काय काम देतात तिला?"

मनीषाला प्रश्न कळला नाही. "काम? काम कसलं? शिकते."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण त्या पुन्हा बोलल्या, "सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते. तू देशील?"

मनीषा हसली. "आता नको, बाई. शेत आहे, म्हैस आहे. आता नको." बाईंनी मान हलवली. चांगल्या हाताने त्यांनी मनीषाचा हात धरला आणि आम्ही निघेपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई गेल्या. त्यांच्याबद्दल बोलायला शाळेने मला बोलावलं होतं. मी झाडांबद्दल बोलले, गणिताबद्दल बोलले. बाईंना भेटून परततानाचं गाडीतलं बोलणं मात्र तिथे मला सांगता आलं नाही.

धुळ्याहून निघाल्यावर मनीषा खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "मी नको म्हनलं, तं बाईले वाईट वाटनं का वं?"

"वाटनं," मी म्हटलं.

"वाटू दे," ती म्हणाली. "कोनले तरी वाटाले पाहिजे."