मासेवाल्याची पोर्तुगीज

लेस्टरमधल्या त्या गोवेकर मासेवाल्याने मला सहा वर्षं शिळी सुरमई विकली. मी भाव पाडून मागितला, की तो बायकोकडे वळून पोर्तुगीजमध्ये पुटपुटायचा. ती भाषा दोघांनी पोटच्या पोरांनाही शिकवली नव्हती. भांडायला आणि गिऱ्हाइकांसमोर बोलायला राखून ठेवली होती. मला वाटायचं, बिचारा हरला.

परवा तो पुटपुटला आणि काउंटरमागे बसलेली त्याची नात मला इंग्रजीत म्हणाली, "अंकल, आजोबा म्हणतायत, ह्यांना कालचीच द्या."

मी भडकलो. त्याचं लक्षच नव्हतं. नातीला उचलून तो बायकोला कोकणीत म्हणाला, "आयकलें गो? हिका सगळें कळटा." दोघं आनंदाने रडायलाच लागली.

मी अभिनंदन केलं. आता सहा वर्षांच्या शिळ्या सुरमईचा जाब दोघांपैकी कुणीतरी द्यावा.